सोलापुरात कॉलेज होतं, राजा

कालपासून डोकं तापलंय. लग्नात जेवायला भाचा शेजारी बसला होता. हिंजवडीत असतो, गुणी पोरगा, पगार मला विचारू नका. जिलेबी वाढत होते तेवढ्यात म्हणतो, "आत्या, तुमच्या वेळी सोलापुरात कॉलेज म्हणजे टाइमपासच ना? खरं शिकणारे पुण्यालाच जायचे." सगळे हसले. मीही हसले, आणि तेच आता खुपतंय.

१९८७ साल. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा रोज झोपायचा. शहराच्या पूर्व भागातला, म्हणजे विणकरांच्या वस्तीतला, घरी तेलुगू. रात्रपाळीला मागावर उभा, सकाळी कारखान्यातून सायकलवर थेट कॉलेजला. भुवयांत सुताचे तंतू तसेच. पहिल्या आठवड्यात आम्ही पोरी त्याला बघून खिदळलो. सरांनी खडू खाली ठेवला. "त्याचा दिवस आत्ता संपलाय. तुमचा अजून सुरू व्हायचाय." मग माझ्याकडे बघून, "तू कार्बन पेपर घालून लिहीत जा, एक प्रत त्याला."

(कॉलेजचं नाव लिहीत नाही. दयानंदवाले आणि संगमेश्वरवाले कमेंटमध्येच भांडत बसतील.)

टाइमपास म्हणे! अरे, १९३८ च्या डिसेंबरात या गावात आर्य समाजाची मोठी परिषद भरली, अध्यक्ष लोकनायक अणे. पुढच्या वर्षी निजामाविरुद्धच्या सत्याग्रहाचं ठाणं सोलापूरच. आणि १९४० साली त्याच आर्य समाजाच्या डीएव्ही (दयानंद अँग्लो-वेदिक) संस्थेनं इथे दयानंद कॉलेज उघडलं. या संस्थेचं पहिलं कॉलेज कुठलं? लाहोरचं! लाहोरचे लोक गिरण्यांच्या गावात कॉलेज काढायला आले तेव्हा तुझ्या हिंजवडीत शेतं होती रे. त्याआधी मॅट्रिक झालं की पुणं नाहीतर मुंबई, तेही बापाला झेपलं तर. बाकीच्यांनी भोंगा ऐकायचा आणि गिरणीत जायचं.

पुढे १९५३ ला संगमेश्वर, १९६३ ला मेडिकल. कोर्टात नोकरी करून शिकलेले सुशीलकुमार शिंदे दयानंदचेच. आमच्या गावात हे नवल नव्हतं. कमवायचं आणि शिकायचं, एकाच दिवसात, झोप मिळेल तिथे घ्यायची.

मी कार्बन घालून लिहीत गेले. तीन वर्षं. बोटं कायम निळी. आई म्हणायची, काय की गं, शाई पितेस का? तास संपला की तो उठायचा, कागद घडी करून खिशात घालायचा आणि जायचा. थँक्यू वगैरे काही नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

बरं, खरं ते खरं. गिरण्या गेल्या, नोकऱ्या इथे नाहीत, आणि माझी स्वतःची मुलगीही पुण्यालाच शिकली. झालं समाधान?

पण पदवीवर गावाचं नाव नसणं काय असतं हे भाच्याला कुणी सांगावं! आधी मुंबई विद्यापीठ, मग पुणे, १९६२ पासून शिवाजी, म्हणजे कोल्हापूर. आमच्या पदव्या त्यातल्याच. सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ व्हायला १ ऑगस्ट २००४ उजाडलं. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली, एका जिल्ह्याचं कसलं विद्यापीठ म्हणून. आता त्याला अहिल्यादेवींचं नाव आहे. केगावला गेले की मी गाडीतून विद्यापीठाच्या कमानीकडे बघते, उगाचच.

लिहिता लिहिता राग उतरला बघा. भाच्याचा काय दोष, त्याला कोण सांगणार होतं? त्याच्या बापानंही इथेच शिकून कधी तोंड उघडलं नाही.

तो शेवटच्या बाकावरचा गेल्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत भेटला. नातवाला पाळण्यात बसवत होता. बँकेतून रिटायर झालाय. मला वाटलं, आता तरी आभार मानेल. तर म्हणतो, "तू मला अर्थशास्त्राचं तिसरं प्रकरण दिलंच नव्हतंस."

दिलं होतं. बाकावर ठेवलं होतं. हा झोपला होता.