अंधार दोघांनाही सारखाच हवा

आज सकाळी ग्रुपवर ओळखीतल्या एका जोडप्याचा व्हिडिओ आला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. लग्नाचा वाढदिवस, घरच्या घरी 'अंधारातलं जेवण'. बायकोच्या डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधलेली. नवरा समोर, डोळे उघडे, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चमचा. चमच्यात गरम टोमॅटो सूप. ती दचकते, सूप साडीवर सांडतं, तो खदाखदा हसतो. खाली सगळ्यांनी बदाम टाकलेत.

यात अंधार कुठे आहे? एकाला सगळं दिसतंय, एकीला काहीच नाही, आणि ज्याला दिसतंय तो शूटिंग करतोय. याला प्रेमाचं जेवण म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

झुरिकमध्ये १९९९ साली 'ब्लिंडेकू' नावाचं काळोखातलं रेस्टॉरंट सुरू झालं. त्यामागे युर्ग श्पिलमान हे अंध धर्मोपदेशक होते. त्यांच्या घरी जेवायला आलेले काही पाहुणे स्वतःच डोळ्यांवर पट्टी बांधून जेवायचे, यजमान जसा जेवतो तसं. तिथून ती कल्पना निघाली. पुढे २००४ मध्ये पॅरिसला 'दाँ ल नुआर' निघालं. मोबाईल आणि चमकणारी घड्याळं बाहेर ठेवायची, वाढपी अंध, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आत जायचं. आत गेल्यावर कुणालाच काही दिसत नाही, हा तिथला पहिला नियम. आपल्याकडे उचलली ती फक्त डोळ्यावरची पट्टी.

घरी करायचं असेल तर नीट करा. मी क्रमाने सांगते.

पहिलं म्हणजे विचारा. 'सरप्राइज' अजिबात नको. बंद काळोखात काहींचा जीव घाबरतो, आणि ते तिथे बसेपर्यंत त्यांनाही ठाऊक नसतं. एक शब्द ठरवा, 'दिवा' पुरे. तो उच्चारला की टॉर्च लावायची आणि कारण विचारायचं नाही. दोघांच्या आसनाच्या उजव्या कोपऱ्याला एकेक छोटी टॉर्च सुतळीने बांधा. नुसती जवळ ठेवली तर पायाने ढकलली जाते आणि नेमकी हवी तेव्हा सापडत नाही. मोबाईल बंद करून दुसऱ्या खोलीत.

आता अंधार. बटण बंद केलं की अंधार होतो, हा मोठाच गैरसमज आहे. डोळे काळोखाला पूर्ण सरावायला जवळपास अर्धा तास लागतो. म्हणजे भजी संपेपर्यंत वाटतं काहीच दिसत नाही, आणि भातापाशी येईतो राउटरच्या दिव्यात अख्खी खोली दिसायला लागते. म्हणून दोन-तीन दिवस आधी, रात्री, त्याच खोलीत अर्धा तास दिवे बंद करून बसा आणि शोधा: राउटर, टीव्हीचा लाल ठिपका, एसीवरचे आकडे, इन्व्हर्टर, स्विचबोर्डाचे इंडिकेटर, डासांच्या मशीनचा दिवा, पोरांनी छताला चिकटवलेल्या रेडियमच्या चांदण्या. जे बंद करता येतं ते बंद करा, उरलेल्यांवर काळी इलेक्ट्रिकची टेप दुहेरी लावा. व्हिडिओत त्या दोघांच्या मागे राउटरचा निळा दिवा भक्क दिसतोय, ओढणीच्या खालच्या फटीतून तिलाही दिसत असणार. एलईडी बल्बचीही एक गंमत असते. स्विचमध्ये इंडिकेटर असेल तर त्यातून बारीक प्रवाह जात राहतो आणि बंद केलेला बल्ब मंद लुकलुकतो. असला बल्ब संध्याकाळीच काढून ठेवा.

खिडकीला वर्तमानपत्र लावू नका, रस्त्यावरचा दिवा त्यातून आरपार येतो. काळा कार्डशीट दुहेरी, कडेने मास्किंग टेप. पडद्याच्या दांडीच्या वरून छतावर उजेड पडतो, ती फट हमखास राहते. दाराखाली जुनी गोधडी गुंडाळून. सगळ्यात सोपं म्हणजे रस्त्याकडची खोली सोडून आतली निवडा. देवघर त्या खोलीत असेल तर तिथे हा बेतच करू नका, समई मालवण्यापेक्षा खोली बदला. मेणबत्ती, उदबत्ती, डासांची कॉइल यांपैकी काहीही नको. उजेडाचा प्रश्न आहेच, पण न दिसणारा विस्तव आणि पदर एका खोलीत नकोत.

बसायचं जमिनीवर. खाली बसलेल्याकडून काही पडत नाही. गुडघे दुखत असतील तर टेबल चालेल, पण भिंतीला टेकवून. समोरासमोर बसू नका, काटकोनात बसा. हात पोचतो, गुडघ्याला गुडघा लागतो, आणि आवाज लहान ठेवता येतो. ताटाखाली ओला करून पिळलेला नॅपकिन पसरा, ताट सरकत नाही. उभ्या कडेचं स्टीलचं ताट घ्या. काचेची भांडी कपाटातच राहू द्या. पाण्याला जड बुडाचा पेला, अर्धाच भरलेला, उजवीकडे ताटाच्या वरच्या अंगाला. हात वरून झेपावत न्यायचा नाही. बोटं किंचित मिटून जमिनीवरून सरकवत न्यायचा, म्हणजे पेला लागतो, उलटत नाही. पाणी ओतायचंच झालं तर बोटाचं टोक पेल्याच्या काठाच्या आत धरा, पाणी बोटाला लागलं की थांबा. शिवाय पेला भरत आला की ओतण्याच्या आवाजाचा सूर चढत जातो, तोही ऐका.

आता मला मनापासून आवडणारा भाग. अंध माणसं ताट घड्याळाप्रमाणे लक्षात ठेवतात: तीनवर भाजी, सहावर भात. आपल्याला तेही शिकायला नको. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी, मध्ये भाताची मूद. पंगतीत बसलेलं कुठलंही मराठी पोर चटणी कुठे असते ते न बघता सांगेल. डाव्या-उजव्याचा हा नकाशा आपल्या हातांत आधीपासून आहे, आणि आपण हाताने जेवतो. काटेचमच्यावाल्यांना काळोखात जो त्रास होतो त्यातला बराचसा आपल्याला होतच नाही. आणि आपली माणसं सूप घेऊन बसतात!

एक अडचण मात्र खरी आहे. जो स्वयंपाक करतो त्याला सगळं माहीत असतं, म्हणजे पुन्हा एकाला 'दिसतं'. यावर उपाय म्हणजे ताटाची डावी बाजू एकाने करायची, उजवी दुसऱ्याने, एकमेकांना न सांगता. भात कुणीही लावावा.

पदार्थांचं सूत्र असं की तोंडातून काही बाहेर काढायला लागू नये. काट्याचे मासे नकोत, हाडाचं मटण नको, शेवग्याच्या शेंगा नकोत, बियांची बोरं नकोत. अख्खी लवंग, मिरी, तमालपत्र नको. मिरची चिरून नाही, वाटून. कढीपत्ता फोडणीत परतून काढून टाका. विडा करणार असाल तर वर टोचलेली लवंग काढा.

उजवीकडे कोथिंबीर वडी: दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, पीठ घट्ट. पंधरा-वीस मिनिटं उकडून, पूर्ण गार झाल्यावर कापा, नाहीतर काठ मोडतात आणि बोटांना नुसता चुरा लागतो. एका घासाची वडी, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत परतलेली. शेजारी बटाट्याची सुकी भाजी आणि लहान पुऱ्या. डावीकडे दाण्याची घट्ट चटणी आणि डाळिंबाचे दाणे घातलेली काकडीची कोशिंबीर. अंधारात दाणा दाताखाली फुटतो तेव्हा माणूस बोलता बोलता थांबतो. पापड भाजलेला, चतकोर. मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू जातो.

भात आंबेमोहोराचा. एक वाटी तांदळाला सव्वादोन वाट्या पाणी, मऊ. मोकळा सळसळीत भात काळोखात बोटांत धरत नाही, सगळा मांडीवर येतो. वर घट्ट वरण आणि तूप. ताट वाढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण वाफ दिसत नाही आणि बोट भाजल्यावरच कळतं. आपलं बोट भाताला लावून बघा, बिनतक्रार टेकवून ठेवता आलं तरच आत न्या. आंबेमोहोराचा वास खोलीत आधी पोचू दे. म्हणून अत्तर, रूमफ्रेशनर काही नको. गजरासुद्धा नको असं मी म्हणणार होते, मोगरा भातावर मात करतो. पण ठीक आहे, वाढदिवस आहे, चार फुलं माळा.

वाढायचं काही नाही, उठायचं नाही. आग्रह करायचाच असेल तर प्रत्येकाला एक लहान दोन पुडांचा डबा: वरच्या पुडात दोन पुऱ्या, खालच्यात गार श्रीखंड. केशर रंगासाठी वाया जाईल, जायफळ घाला.

लोक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, लोडशेडिंगमध्ये वर्षानुवर्षं जेवलोच की. जेवलो, खरं आहे. पण तेव्हा मध्ये कंदील होता.

आत जाताना एकाने पुढे व्हायचं, दुसऱ्याने त्याचा दंड कोपराच्या वर धरायचा. बसल्यावर मान डोलावून चालत नाही, 'हं' म्हणावं लागतं. हात धरण्याआधी 'हात पुढे करतोय' असं सांगावं लागतं. किती वर्षांच्या संसारात हे सांगायचं राहून गेलेलं असतं! चेहरा दिसत नाही म्हणून माणसं कमी सावध बोलतात. गप्प बसलात तरी समोरच्याचा श्वास, बांगडी, घोट घेतलेला ऐकू येतो. घाई करू नका. पाऊण तास पुरतो, त्यापुढे पाठ आखडते आणि डोळे उगीच काहीतरी शोधायला लागतात.

आणि जेवणानंतर 'अंधांचं दुःख कळलं' असं कृपा करून लिहू नका. त्या व्हिडिओखाली नेमकं तेच लिहिलंय, हात जोडलेल्या चिन्हासकट. पाऊण तासात तुम्हाला कळतो तो तुमचा स्वतःचा गोंधळ. सरकवत नेलेला हात, काठाआतलं बोट, दंड धरून चालणं ही अंध माणसांची रोजची सफाई आहे, आपण ती एका रात्रीपुरती उसनी घेतो. कीव कसली करताय?

दिवा एकदम लावू नका, डोळ्यांना टोचतो. टॉर्च भिंतीकडे तोंड करून, दोघांनी मिळून. आवरताही दोघांनी. नॅपकिनवर हळदीचा डाग पडणारच. साबण लावला की तो लालभडक होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, उन्हाने फिका पडतो. खिडकीचा कार्डशीट मात्र त्याच रात्री काढा. दुसऱ्या दिवशीचं ऊन लागलं की मास्किंग टेपचा चिकटा काचेवर बसतो आणि मग तो खरवडत बसावं लागतं.