मशीन ‘नाही’ म्हणतं, तिथून अभ्यास सुरू करा

सोलापुरात एम.सी.ए., एम.एस्सी. कॉम्प्युटर किंवा एम.बी.ए. सिस्टिम्स करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या गाइडसाठी ही पोस्ट आहे. ‘तंत्रज्ञान आणि नैतिकता’ असा विषय प्रोजेक्टला घेतला की ठरलेलं काम होतं: सायबर सुरक्षेबद्दल विद्यार्थ्यांची जागरूकता, एक गुगल फॉर्म, वर्गाच्या ग्रुपवरून शंभर उत्तरं, चार पाय-चार्ट. यातून कुणाच्याच हाती काही लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे. एक चालू माहितीप्रणाली निवडा आणि ती माणसाला नकार देते तेव्हा नेमकं काय घडतं, एवढंच शेवटपर्यंत उलगडा.

आपल्या शहरात यासाठी रेशन दुकानात अंगठा घेऊन ओळख पटवणाऱ्या ई-पॉस मशीनइतका चांगला विषय नाही. पूर्व भागात आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत हजारो बायकांनी आयुष्यभर विड्या वळल्या आहेत. पानं कापून, वळून बोटांच्या रेषा झिजतात आणि मग अंगठा लागत नाही. बोटांची जुळणी ही हो-नाही अशी गोष्ट नसते. मशीनच्या मागे जुळणीचा एक गुण निघतो आणि तो ठरलेल्या थ्रेशोल्डच्या, म्हणजे किमान गुणाच्या, वर असेल तर ‘हो’. थ्रेशोल्ड वर नेला की तोतया माणूस आत शिरण्याची शक्यता घटते आणि खऱ्या माणसाला नाकारण्याची वाढते. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर सेन्सर तरी सुधारावा लागतो, नाहीतर ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग द्यावा लागतो. म्हणजे थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न तांत्रिक दिसला तरी कुणाचं नुकसान चालवून घ्यायचं, याचा तो निर्णय असतो.

सगळ्यात जास्त घोळ आकडेवारीत होतो. समजा एका दुकानात ३०० कार्डं आहेत. महिन्यात ९६० वेळा बोट ठेवलं गेलं, ४८ वेळा अपयश आलं. अहवालात ९५ टक्के यश लिहिलं जाईल. पण ते ४८ प्रयत्न १२ कार्डांवरचे, प्रत्येकी चार असतील तर? आणि दुकानातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची एकूण २० कार्डं असून ती १२ त्यांतलीच निघाली, तर त्या गटात अपयश ६० टक्के आहे. म्हणून मोजायचं एकक आधी ठरवा: प्रयत्न, माणूस की कार्ड. शिवाय घरातल्या एका सदस्याचा अंगठा जुळला की साऱ्या घराचं धान्य सुटतं. आजीचं बोट कधीच जुळत नसलं तरी नोंदीत ते घर ‘यशस्वी’. फटका बसतो तो एकटीच्या कार्डाला. प्राधान्य कुटुंबाचं माणशी पाच किलो धान्यच तिचा आधार असतं.

अपयशाची कारणंही वेगळी काढा. नेटवर्क गेलं, सर्व्हर थकला, की बोट जुळलं नाही? आधारच्या प्रमाणीकरणात ३०० हा एरर कोड बोट न जुळल्याचा असतो. कोड दिसत नसेल तर दुकानदाराला विचारा आणि नोंदवहीत तीन वेगळे रकाने करा. दुकानदाराची मुलाखत टाळू नका. शिव्या तोच खातो आणि थ्रेशोल्ड त्याच्या हातात नसतो. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण याच कारणासाठी वाचायला हवं. १९९९ पासून बसवलेल्या त्या हिशेबप्रणालीतल्या चुकांपायी ९०० हून अधिक पोस्टचालकांवर चोरी-अफरातफरीचे गुन्हे सिद्ध झाले, कारण न्यायालयांनी कॉम्प्युटरचा हिशेब बरोबर धरला. त्यातल्या शेकडो शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

माहिती गोळा करताना पहिली चूक रांगेत होते. दुकानासमोरच्या रांगेत सर्व्हे केला तर ज्यांनी हेलपाटे घालून यायचंच सोडलं ते तुमच्या नमुन्यात नसतात. गल्लीत घरोघर जा, दर पाचवं घर असा नियम ठेवा, आणि दुकानदाराला किंवा नगरसेवकाच्या माणसाला बरोबर नेऊ नका. तोंडी विचारताना ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी निकामी ठरते, लोक मधलंच सांगतात. ‘गेल्या तीन महिन्यांत किती वेळा परत यावं लागलं?’ असा घडलेल्या गोष्टीचा प्रश्न विचारा.

संमतीपत्र मराठीत छापून भागत नाही. पूर्व भागात कित्येक घरांत बोली तेलुगू असते, पण तेलुगू लिपी वाचता येतेच असं नाही. भाषांतर करून वाचून दाखवा, शक्य तर त्याच गल्लीतल्या मुलीकडून. अंगठा घेऊ नका. ज्या बोटांनी त्रास दिला त्यांचाच ठसा तुमच्या फाइलीत कशाला? साक्षीदाराची सही पुरते. ‘सांगायचं नसेल तर सांगू नका, त्यानं तुमचं रेशन थांबणार नाही’ हे वाक्य मोठ्यानं म्हणा, कारण कागद घेऊन आलेला माणूस सरकारीच, असं धरलं जातं.

आधार नंबर आणि कार्ड नंबर लिहूच नका. प्रत्येकीला एक कोड द्या. कोड आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या, एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीत ठेवा आणि ती कधी पुसणार ती तारीख आधीच लिहा. नाव काढलं म्हणजे झालं, असं समजू नका. १९९७ मध्ये लतान्या स्वीनी या अमेरिकन संशोधक बाईंनी नावं काढलेल्या आरोग्य-नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधली ती मतदारयादीशी जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून. ‘विडी घरकुल, ६२ वर्षं, विधवा, एकटी’ एवढ्यावर आपली आख्खी गल्ली तिला ओळखेल. वय दहा वर्षांच्या गटात टाका, जागा वॉर्डाच्या पातळीवर न्या आणि प्रत्येक ओळीसारख्या निदान पाच ओळी झाल्याशिवाय तक्ता छापू नका.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण अटीवर: त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे. इथे चांगल्या मनाची मुलं अडकतात. अडलेल्या बायकांची यादी रेशन ऑफिसला नेऊन दिली की ती संशोधनाची माहिती राहत नाही, आणि दिलेला शब्दही मोडतो. मदत जरूर करा, पण वेगळ्या संमतीनं आणि वेगळ्या कागदावर. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी असतो. अंगठा लागत नसेल तर बुबुळ स्कॅन आणि ओटीपी हे पर्याय आहेत. तिचा अर्ज तिच्या नावानं लिहून द्या, पोच घ्या, आणि पोचेची प्रत तिच्याकडेच राहू द्या.