घर भाड्याने देणे आहे

एक घर भाड्याने देणारा साधा माणूस असतो, दोन घरं देणारा गुंतवणूकदार. खारघरचा जुना फ्लॅट भाड्याने होताच, आमच्या ह्यांनी तळोज्याला वन बीएचके बुक केला त्या दिवसापासून ते गुंतवणूकदार झाले आणि ब्रोकरचे फोन मी घेऊ लागले. पैसे झोपेतसुद्धा येत राहतात, असं त्यांना धाकट्या भावजींनी पटवलं होतं. झोपेत येतात ते फोन. गीझर तापत नाही, खालच्यांकडे गळतंय, वॉचमन पार्सलवाल्याला वर सोडत नाही.

हिशेब मी वहीत मांडून दाखवला होता. घराच्या किमतीवर वर्षाकाठी दोन-तीन टक्के भाडं सुटतं आणि बँक तेव्हा कर्जावर आठच्या पुढे घेत होती. मधली खिंड लढवतो माझा पगार. हे म्हणाले, "अगं, भाव वाढेल ना!"

नवी मुंबईत या एका वाक्यावर किती टॉवर उभे आहेत ते पाम बीच रोडवरून मोजावेत. विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झालं, पण ब्रोकर मंडळी त्याच्याही कितीतरी आधीपासून ते विमानतळ विकत होती. मग नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो धावली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरला विमानं उडायला लागली. म्हणजे ज्या ज्या गोष्टीची वाट बघत भाव वाढायचा होता, त्या सगळ्या होऊन बसल्या. भाडेकरू येतो, बाल्कनीतून आभाळाकडे बघतो, "विमानाचा आवाज येत असेल ना?" म्हणतो आणि पाचशे कमी करून मागतो.

मुळात विमानतळाची टीप फक्त आमच्या भावजींनाच मिळाली होती असं नाही. ती सगळ्यांच्याच भावजींना मिळाली होती. त्यामुळे खारघरच्या आमच्या जुन्या फ्लॅटच्या बिल्डिंगीत घरमालक भरपूर, भाडेकरू मोजके. सगळ्या घरांचा नकाशा एकच, टाइल्स एकच, किचनमधला हिरवा ओटासुद्धा एकच. मग स्पर्धा कशात करायची? अकराशे चारवाल्या काकांनी एसी बसवला. मी वॉर्डरोब करून घेतला. काकांनी चिमणी लावली. मी मच्छरजाळ्या. मग काकांनी वॉशिंग मशीन ठेवलं, तेव्हा हे म्हणाले, "आता आपण त्यांच्याकडेच भाड्याने राहायला जाऊ या." लिफ्टमध्ये आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतो आणि डोळ्यांनी समोरच्याची कुलपाची किल्ली अजून हातातच आहे का ते तपासतो. रिकाम्या घराचा मेंटेनन्स कुणालाच चुकत नाही.

जाहिरात कशी लिहायची तेही मला ब्रोकरने शिकवलं. "ताई, हिल व्ह्यू लिहा." मी म्हटलं, "दादा, डोंगर दिसतो, पण त्याच्या अलीकडे तळोजा जेलपण दिसतं." तो म्हणाला, "ते नका लिहू. सिक्युरिटी चांगली आहे असं लिहा."

पूर्वी घरमालक भाडेकरूची चौकशी करायचा. आता उलट आहे. एका आयटीवाल्या जोडप्याने माझी तासभर मुलाखत घेतली. पाणी किती वाजता, प्रेशर कसं, नेट कुठल्या कंपनीचं, डिपॉझिट सोडताना रंगाचे पैसे कापता का, आणि शेवटी, "तुमच्या आधीच्या भाडेकरूचा नंबर मिळेल का? सहज बोलून घेतलं असतं." मी नंबर दिला आणि रात्रभर त्याच्याशी आपण कसे वागलो ते आठवत बसले. सकाळी टोकन आलं. मुलाखतीत पास झाल्याचा एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मग करार. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असं अजून पुष्कळ लोक छातीठोक सांगतात. महाराष्ट्रात तसं नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी करावीच लागते आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईतो, खरं धरतात. शिवाय मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आमच्या बाल्कनीतून काय दिसतं ते वर सांगितलंच आहे, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून नोंदणी करते. खर्च तसा फार नाही. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे चोवीस हजार भाडं असेल तर अकरा महिन्यांचे 660 रुपये, डिपॉझिटमुळे त्यात थोडी भर, आणि शहरात नोंदणी फी 1000. खरा खर्च अंगठ्याचा.

खारघरचा फ्लॅट सासूबाईंच्या नावावर. करारवाला मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन नेरूळला आमच्या डायनिंग टेबलवर बसला. भाडेकरूचा अंगठा एका फटक्यात लागला. सासूबाईंनी ठेवला, नाही लागला. "आजी, जरा दाबा." नाही. "आता हलका ठेवा." नाही. हात साबणाने धुतले, पदराला पुसले, मुलाने काच शर्टाने घासली, मी व्हॅसलीन आणलं, भाडेकरूने त्याचं सॅनिटायझर दिलं. आधार काही ओळख दाखवेना. सासूबाई चिडल्या. "अरे, आयुष्यभर भांडी घासली, भाकऱ्या थापल्या, रेषा राहतील कशा? पुढच्या वेळी माझ्या लेकाचा बाप घरी असताना ये, त्याच्या बोटांना कधी काही झालं नाही." मुलगा एकेक बोट लावून बघत गेला आणि अखेर उजव्या करंगळीला हिरवा दिवा लागला. कृष्णाने करंगळीवर गोवर्धन उचलला, आमच्या सासूबाईंनी वन बीएचके. त्या दिवसापासून दर नूतनीकरणाच्या आधी आठवडाभर त्यांना भांड्यांना हात लावू देत नाही. त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

सोसायटीचं थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगितलं तर मीटिंगला बसावं लागेल. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, असा 1 ऑगस्ट 2001 चा सरकारी आदेश आहे. त्याची झेरॉक्स मी सेक्रेटरींना दिली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, अगदी बरोबर आहे म्हणाले आणि पावती फाडली शिफ्टिंग चार्जेसची.

दिलासा म्हणाल तर तो इन्कम टॅक्सवाल्यांचा. पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ते तीस टक्के सरसकट वजावट देतात, दुरुस्ती केली असो वा नसो. हा नियम करणाऱ्याचं स्वतःचं घर नक्की भाड्याने दिलेलं असणार.

ते आयटीवाले जोडपं मात्र गुणी निघालं. भाडं एक तारखेला, आवाज नाही, तक्रार नाही. तो अधूनमधून चहाला थांबायचा आणि विचारायचा, "काकू, लोन किती टक्क्यांनी घेतलंत? ब्रोकरला किती देता? वॉर्डरोब केल्याने भाडं खरंच वाढतं का?" हल्लीच्या मुलांना कसलं कौतुक असतं म्हणून मीही वही उघडून सगळं समजावलं. करार संपला, डिपॉझिट घेतलं, पाया पडून दोघं गेली.

पुढच्या आठवड्यात आपली जाहिरात वर आहे का बघायला मोबाइल उघडला, तर आमच्याच बिल्डिंगीतला नववा मजला, भाडं आमच्यापेक्षा पाचशेने कमी. फोटो ओळखीचे वाटले. वॉर्डरोब माझा, मच्छरजाळ्या माझ्या, हिरव्या ओट्यावर माझा स्टीलचा डबा. दिलेल्या नंबरवर फोन लावला.

"हां काकू!" तो म्हणाला. "आमच्या घराचे फोटो अजून काढायचेत हो. तोवर तुमचे चालतील ना? आणि एक विचारायचं होतं. त्या करंगळीवाल्या मुलाचा नंबर देता का? बाबांच्या नावावर घेतलंय."