अंगणाला डांबर मारा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: सिमेंटच्या अंगणाला, खळ्याला काळं डांबर मारा, तडे जात नाहीत, कोळशातून निघतं म्हणजे नैसर्गिकच, रस्त्यावर चालतं तर अंगणात का नाही, वाळून वास गेला की धोका संपला, आणि डॉक्टरसुद्धा ते सोरायसिसवर, म्हणजे खपल्या पडणाऱ्या कातडीच्या आजारावर देतात. खाली ‘सर्व शेतकरी बांधवांना पाठवा’. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, पण यातलं एकही वाक्य धड टिकत नाही.

तड्यांचं आधी बघू, कारण लोक डबा आणतात तो त्यासाठीच. आपली कापसाची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. तीच माती अंगणाखालीही आहे. खाली मुरूम नीट दाबला नसेल, काँक्रीटमध्ये सांधे सोडले नसतील, मिस्त्रीने दोन दिवस पाणी मारून काम उरकलं असेल, तर अंगण फुटणारच. वरचा काळ्या लेपाचा हात जेमतेम रंगाइतका जाड. तो खालची जमीन काय धरून ठेवणार? अमेरिकेत असे लेप मारतात ते मुख्यतः डांबरी पार्किंगवर आणि घरापुढच्या डांबरी वाटेवर. सिमेंटच्या खळ्याशी त्याचा संबंध नाही. वरून ४५ अंशांच्या उन्हात काळं अंगण जास्त तापतं ते वेगळंच.

आता ‘नैसर्गिक’. पोलादासाठी कोक करताना कोळसा हवाबंद भट्टीत भाजतात. आपल्या शेजारी छत्तीसगडात, भिलाईच्या पोलाद कारखान्यात हेच चालतं. त्यातून जो काळा, दाट द्रव निघतो तो कोलतार. त्यात पीएएच नावाच्या रसायनांचा मोठा गट असतो. त्यातल्या बेंझोपायरीनला आणि कोलतारमधले उडणारे भाग काढल्यावर उरणाऱ्या घट्ट पिचला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या यादीत. निसर्गातला तर विषारी बचनागही आहे.

रस्त्यावरचं डांबर म्हणजे आज बहुतेक बिटुमेन, खनिज तेलातून निघणारं. दोन्ही काळी, दोन्हीला आपण डांबरच म्हणतो, पण कोलतारच्या लेपात पीएएच बिटुमेनच्या लेपापेक्षा साधारण हजारपट. ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे: वाळलेल्या लेपाची खपली काचेच्या बाटलीत मिनरल टर्पेंटाइनमध्ये (रंग पातळ करतात ते) अर्धा तास ठेवा. बिटुमेन असेल तर ते कॉफीसारखं काळं होतं, कोलतार असेल तर चहासारखं. पक्का निकाल नव्हे, पण दुकानदाराच्या ‘दोन्ही एकच भाऊ’ यापेक्षा बरा. बिटुमेनही अगदी निर्धोक नाही. उघड्या ड्रमखाली लाकडं पेटवून तापवताना वाकून त्याची वाफ घेणाऱ्या मजुराला विचारा.

सगळ्यात घातक वाक्य मात्र वाळल्यावर धोका संपतो हे. वास जातो तो पटकन उडणाऱ्या भागाचा. जड पीएएच तिथेच राहतात. ट्रॅक्टर वळला, बैलजोडी फिरली, खराटा फिरला की लेप झिजतो आणि त्याची बारीक काळी धूळ होते. ती चपलेला लागून ओसरीवर येते, रांगत्या पोराच्या हाताला लागते, आणि हात तोंडात जातो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २०१० मध्ये ऑस्टिन शहरातल्या घरांमधली धूळ तपासली, तर कोलतार मारलेल्या पार्किंगलगतच्या घरांत पीएएच, तो न मारलेल्या पार्किंगलगतच्या घरांच्या मानाने, २५ पट निघाले. त्या शहराने २००६ मध्येच हा लेप बंद केला होता, वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये. पाण्याचंही तेच: लेप मारल्यावर ४२ दिवसांनी वाहून आलेल्या पाण्यातसुद्धा प्रयोगातली माशांची पिल्लं सगळी मेली. आपल्याकडे अंगणाचं पाणी कुठे जातं? बऱ्याच घरी विहिरीकडे, नाहीतर नाल्यात. आणि त्या अमेरिकन पार्किंगवर कोणी कुरड्या घालत नाही, मिरच्या पसरत नाही, तुरीचा ढीग ओतत नाही. आपण घालतो.

सोरायसिसचं औषध? त्यात कोलतार अर्धा ते पाच टक्के, तेही डॉक्टर सांगेल तेवढे दिवस. शिवाय त्याने कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून लावून उन्हात फिरू नका असं बजावतात. इथे आपण भर उन्हात, उघड्या हातांनी ब्रश मारायला निघालोय.

लेप आधीच मारून बसला असाल तर मशीनने कोरडा घासून काढू नका, सगळी धूळ घरात येईल. वाळवण आणि धान्य त्यावर टाकू नका. ताडपत्री अंथरून भागवायचं असेल तर ती त्या कामालाच वेगळी ठेवा, उलटसुलट करू नका. रिकामा डबा पाण्याला वापरू नका आणि चुलीतही घालू नका. बारीक भेगा सिमेंटच्या घोळाने भरा, आणि पुढचं अंगण टाकताना मुरूम दाबायचे व काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारायचे पैसे मिस्त्रीशी आधीच ठरवा.