तो ठाम, ती हेकट

आज घणसोलीला काकांकडे जेवायला गेलो होतो सगळे. पानं मांडायच्या आधी जमिनीतला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र निघालं, तेव्हा कळलं जेवण कशाचं ते. आत्याच्या पुढ्यात कागद आणि त्यावर पेन. तिने पेनाला टोपण लावलं, कागद काकांकडे सरकवला. "नाय करनार सही." झालं! "पहिल्यापासून हेकटच आहे ही."

हे म्हणालं कोण? २४ जून २०२१ ला भर कोरोनात बेलापूरला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या घेरावात उतरलेले आमचे काका. नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचंच नाव, दुसरं चालणार नाही! तेव्हा गावभर सांगत फिरलो आम्ही, काका ठाम आहेत म्हणून. होतेच ते. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरला जमिनीच्या आंदोलनात पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट कुणी भीक म्हणून दिले नाहीत, हे मला लहानपणी त्यांनीच सांगितलंय.

मग जमिनीचा हक्क गावाने मागितला की ठाम, आणि बहिणीने नुसता सोडला नाही तरी हेकट?

बोलली तरी किती ती? तीन शब्द. आवाज चढवला नाही, रडली नाही. उठून भाकऱ्या भाजायला गेली आणि पहिली भाकरी काकांच्याच पानात वाढली. त्याचाच जास्त राग आला बहुतेक सगळ्यांना.

आजीचं आजारपण काका-काकूंनी काढलं, मान्य. पण त्याची वसुली बहिणीच्या सहीने? "सणावाराला साडीचोळी करतोच की!" हेही ऐकलं. प्लॉटचा भाव काय, साडीचा काय! मुलीला मुलाइतका वाटा हा कायदा आपल्या राज्यात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. आमच्या ओटीवर अजून पोचायचाय.

आणि ते टोपण लावणारे हात थरथरत होते हो. मी शेजारीच बसले होते. परतताना रिक्षात मला विचारते, "माजं म्हायेर तुटलं का गो?" काय सांगणार होते मी?

काका, तुम्ही हे वाचणार, मला माहितेय. घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणून चिडणार. चिडा, शिव्या मला घाला, फोन मलाच करा. भाऊबीजेला मात्र आत्याला दरवर्षीसारखं बोलवा. आणि त्या दिवशी कागद कपाटातच राहू द्या.