दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानदाराचं उत्तर: एसी बंद करून ऐकवलं, तिथंच चुकलं

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि खोटं कशाला बोलू, आधी डोकंच फिरलं, म्हणलं तासभर बसवून ऐकवलं, चहा पाजला, आणि वर हे. मग बिल काढून तारीख बघितली, दुकानातल्या पोराला विचारलं त्या दिवशी नेमकं काय काय झालतं, आणि त्याचं ऐकता ऐकता माझाच आवाज खाली आला. म्हणून दोन दिवस उशिरा लिहितोय.

बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, सरांचं म्हणणं असंय: आयुष्यातला पहिला भारी हेडफोन घ्यायला आलते, २९ हजारांचा घेऊन गेले, घरी गेल्यावर बेस नाही, फोनवर आवाज पुरत नाही, बाजूला झोपलेल्या वडिलांना गाणी ऐकू जातात, कूलरचा आवाज आत येतो, ॲम्पचं (हेडफोनला ताकद देणाऱ्या वेगळ्या डबीचं) नाव बिल झाल्यावर काढलं, जुनं मॉडेल माथी मारलं, ऑनलाइन ३ हजार स्वस्त होतं, दुकानातला पोरगा म्हणाला "तुमचे कान अजून तयार नाहीत", आणि शेवटी "भर मे महिन्यात एसी बंद करून बसवलं". मॉडेलचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही कारण दोष त्याचा नाहीच, तो ज्यासाठी बनलाय ते काम झकास करतो. तुमच्या घरात ते काम नव्हतं.

एसीपासूनच सुरू करतो, कारण सगळी गोम तिथं आहे. तुम्ही घेतला तो ओपन-बॅक. म्हणजे कपाच्या बाहेरच्या बाजूला जाळी, मागची हवा मोकळी. त्यामुळं आवाज डोक्यात कोंडल्यासारखा होत नाही, गायक जरा लांब बसलाय, तबला एका अंगाला आहे असं वाटतं, आणि एकदा ते ऐकलं की माणूस खिशात हात घालतोच. पण जाळी ती जाळीच, आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. एसीची घरघर मध्ये नको म्हणून मी डेमोला कायम एसी बंद करतो, दार लावतो, गिऱ्हाईक घामानं भिजतं पण खुश होऊन उठतं. तुम्ही पण तसेच उठलात. मी मात्र एवढं विचारलं नाही की ऐकणार कुठं. आता रिव्ह्यूत वाचलं, रात्री साडेदहानंतर, एकाच खोलीत, कूलर चालू, बाजूला वडील. आता सोलापुरात मार्च ते जून कूलर बंद करून झोपणारा माणूस दाखवा मला! म्हणजे दुकानात ऐकला तो हेडफोन आणि घरी गेला तो एकच असून दोन झाले. मी उलट एसी फुल करून, वर पंखा लावून, दार उघडं टाकून नवी पेठेतले हॉर्न आत येऊ देऊन ऐकवायला पाहिजे होतं, मग तुम्हीच म्हणाला असता की हा नको. ही माझी चूक, पोराची नाही.

बेसचं निम्मं उत्तर पण यातच आलं बघा. कूलरची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती गाण्यातला खालचाच भाग आधी झाकते, वरचं बासरी-टाळ ऐकू येत राहतं. त्यात वडिलांना त्रास नको म्हणून तुम्ही आवाज बारीक ठेवणार, आणि माणसाच्या कानाची गंमत अशी की आवाज एकूणच कमी केला की बेस सगळ्यात जास्त कमी झाल्यासारखा वाटतो. हे काय माझं दुकानदारी ज्ञान नाही, १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून ठेवलंय. आणि तिसरं म्हणजे ओपन-बॅक मुळातच अगदी खालचा, पोटात ढवळणारा बेस कमी देतात, सेनहायझर कंपनीच्या एचडी ६०० सारख्या नावाजलेल्या हेडफोनचं पण तेच आहे. डग्ग्याचा घुमारा कसा सुरू झाला, कुठं दाबला, कुठं सोडला ते तुम्हाला दुकानात ऐकू आलं आणि तुम्ही मला ते सांगितलं पण, आठवतंय मला. पण तुमच्या मनातला बेस मिरवणुकीतल्या डीजेचा असेल तर तो कानात वाजतच नाही हो, तो छातीत वाजतो, कुठल्याच हेडफोनला छाती हलवता येत नाही. बड्सवाले काय करतात, बेस आणि वरचा चकाकता भाग दोन्ही चढवून देतात, पहिल्या मिनिटाला लय भारी वाटतं. मी त्याला वाईट म्हणत नाही. तुम्हाला तसंच आवडत असेल तर तुमची आवड चुकीची नाही, तसा हेडफोन मिळतो, फक्त हा तो नाही.

आणि बदलायचं नसेल तर फुकटचा उपाय आहे, इक्वलायझर. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप टाका, विंडोज कॉम्प्युटर असेल तर इक्वलायझर एपीओ, १०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे बेसचं, ४ डीबी (आवाजाचं माप) वाढवा आणि प्रीॲम्प, म्हणजे ॲपमधला एकूण आवाज, तेवढाच ४ नं खाली घ्या, नाहीतर फाटल्यासारखा आवाज येईल. जुनी शौकीन मंडळी याला पाप मानतात. मानू द्या.

आता फोनवर आवाज पुरत नाही ते. हे बिल करायच्या आधी सांगायला पाहिजे होतं, जेवायला बसवून मग ताटाचे वेगळे पैसे मागितल्यासारखं झालं, राग येणारच. तुमचा हेडफोन ३०० ओमचा, म्हणजे विजेला अडवणारा आकडा मोठा. आपल्याकडं नळाला पाणी येतं, खाली बादली भरते पण प्रेशर नसलं की वरच्या मजल्यावर चढत नाही, तसंच समजा. व्होल्टेज म्हणजे प्रेशर, फोनच्या त्या बारक्या टाइप-सी डोंगलला (हेडफोनची पिन फोनला जोडायच्या तुकड्याला) ते बेताचंच असतं, ॲम्प म्हणजे मोटर. पण म्हणून ओम कमी म्हणजे सोपं असं पण धरून चालू नका, त्यात लय लोक फसतात. सुंदारा म्हणून एक प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन येतो, ओम फक्त ३७, पण सेन्सिटिव्हिटी ९४ डीबी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये इतरांपेक्षा हळू वाजणारा, त्याला पण मोटर लागतेच. बॉक्सवर दोन्ही आकडे बघायचे, ओम पण आणि डीबी पण. दुसरीकडं डीटी ७७० प्रो हा बंद कपाचा हेडफोन बघा, एकच मॉडेल ३२, ८० आणि २५० ओम अशा तिन्हीत मिळतं. नवीन माणूस मोठा आकडा म्हणजे भारी समजून २५० उचलतो आणि फोनला लावून बसतो.

तुम्हाला १४ हजारांचा ॲम्प सांगितला तो त्या दिवशी गरजेचा नव्हता, जरा दमाचा डोंगल दोन-तीन हजारात येतो, त्यात तुमच्या खोलीपुरतं भागलं असतं. हे लिहिताना माझंच नुकसान करतोय पण असू दे.

आवाजाचा विषय निघालाय तर अजून एक, विक्रीचं नाही. माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते. घरी आले की आम्ही ओरडूनच बोलायचो, शेजाऱ्यांना वाटायचं रोज भांडणं चालतात, त्यांना कमी ऐकू येतंय हे आम्हाला कळायला बरीच वर्षं गेली. म्हणून कूलरवर मात करायला आवाज वाढवणारा माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डीबीला आठवड्याला ४० तास असा आहे, ९० ला गेलात की तेच फक्त ४ तास. तुम्ही रोज दोन तास ऐकता म्हणालात. त्यामुळं ओपन-बॅक ठेवून मोठा ॲम्प घेणं हा तुमच्या खोलीसाठी उपायच नाही, माझ्याकडून घ्या किंवा दुसरीकडून.

पोराचं बोलणं. "कान तयार नाहीत" हे वाक्य मला तुमच्या रिव्ह्यूत वाचून लाज वाटली. २९ हजार मोजणाऱ्याचेच काय, नुसतं बघायला आलेल्याचे पण कान तयारच असतात. आणि त्यानं तुम्हाला अजून एक सांगितलं म्हणे, १०० तास वाजवत ठेवा मग बेस उघडेल. ते पण सोडून द्या. पॅड वापरून मऊ पडतात, आपल्याला त्या आवाजाची सवय होते, एवढाच काय तो बदल, नाहीतला बेस कुठून उगवत नाही. आणि १०० तासात परत करायची मुदत मात्र संपते. त्याला समज दिलीय, पण दुकान माझं आहे तर माफी मीच मागतो.

आता जे पटत नाही ते पण सांगतो. जुनं मॉडेल माथी मारलं हे नाही पटलं सर. हा फोनचा धंदा नाही. तो एचडी ६०० १९९७ चा, एचडी ६५० २००३ चा, अजून नवेकोरे विकले जातात आणि लोक शोधत येतात. पॅड, वायर बदलायला मिळते, हेडफोन वीस वर्षं जातो. उलट दर तीन महिन्याला नवीन येणाऱ्या मालाचे पॅड पुढच्या वर्षी मिळतील का ते आधी विचारा.

ऑनलाइन ३ हजार स्वस्त मिळत होता, खरंय, मिळत असेल. तिथं तासभर बसून चार हेडफोन कानाला लावून बघता येत नाहीत, पण तुमच्या बाबतीत त्या तासाचा मी काही उपयोग केला नाही त्यामुळं इथं मला जास्त बोलता येत नाही.

आणि ब्लूटूथ का नाही म्हणालात, तर वायरवाल्यात पैसे आवाजावर जातात, बॅटरी-चिपवर नाही. झालं.

तुमच्यासारखा पहिल्यांदा घेणारा आता दुकानात आला की मी आधी काहीच दाखवत नाही. कुठं ऐकणार, कशाला लावणार, बाजूला कोण असतं, चष्मा आहे का, हे विचारतो. चष्मा का, तर बंद कपाच्या हेडफोनमध्ये चष्म्याच्या काडीनं फट पडते आणि तिथनंच बेस निसटतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं हेडफोन खराब. हे शहाणपण तुमच्यामुळं आलं, तुमच्या पैशानं आलं, ते मला मान्य आहे.

तर या की एकदा. हेडफोन परत घेतो. बंद कपाचा ८० ओमवाला डीटी ७७० ठेवलाय, त्याला मखमली पॅड आहेत, रेक्झिनसारखे कानाला चिकटत नाहीत, आपल्या उन्हाळ्यात हा मुद्दा बारीक नाही. बेस पण त्यात तुमच्या आवडीकडं झुकणारा आहे. वायर ३ मीटर लांब, ती पायात येते, आधीच सांगतो. तो पटला तर वरचे पैसे त्याच दिवशी परत. तो पण नाही पटला तर सगळे पैसे परत, पॅड वापरले म्हणून कापणार नाही. डोंगल माझ्याकडचा आठ दिवस घरी नेऊन बघा, त्याचे पैसे नाहीत. ऐकायला मात्र कूलर लावूनच बसवणार, शेजारच्या दुकानातनं मागून ठेवलाय.

संध्याकाळी साडेसातनंतर आलात तर गर्दी कमी असते, गुरुवारी बंद. बॉक्स नसला तरी चालेल. फक्त त्यातला ६.३५ मिमीचा, जाड पिनचा तो छोटा ॲडॉप्टर तेवढा शोधून आणा, तो सगळे हरवतात.