‘तुझ्याकडं हायतच की’

आत्ताच घरी आलेय आणि डोकं अजून तापलेलं आहे. लिहिताना पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या.

कर्वेनगरमधल्या एका मोबाइलच्या दुकानात स्क्रीनगार्ड बदलायला गेले होते. माझ्या आधी पासष्टीच्या एक मावशी होत्या. फोन सारखा अडकतो म्हणत होत्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "रिसेट मारतो मावशी. फोटोबिटो सगळं क्लाउडवर असतं, टेन्शन घेऊ नका." मावशींनी मान हलवली. त्याचं बोट बटणापर्यंत गेलं होतं, तेवढ्यात मी ओरडले, "थांब!" अख्खं दुकान माझ्याकडं बघायला लागलं.

मावशींच्या परवानगीनं आम्ही उघडून बघितलं. गूगलचे फुकटचे १५ जीबी कधीच भरलेले. मेल, ड्राइव्ह, फोटो सगळे त्याच १५ मध्ये. १ जून २०२१ पर्यंत कमी दर्जाचे फोटो त्यात धरत नव्हते, आता धरतात. २०२४ पासून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि थांबल्याची सूचना इतर पन्नास सूचनांच्या ढिगात येते. मावशींचा शेवटचा बॅकअप मागच्या वर्षीच्या मार्चचा होता. त्यानंतर झालेलं नातवाचं बारसं फक्त त्या फोनमध्ये होतं. आणखी एक टिचकी आणि बारसं गेलं असतं.

मी एवढी का ओरडले, ते माझ्या घरच्यांना माहीत आहे. बाकीच्यांना आज सांगते.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. २०१९ मध्ये नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहिला स्मार्टफोन मीच घेऊन दिला. नाना त्यावर बागेचे फोटो काढायला लागले, रोज, न चुकता. पानावरचा तेलकट पिवळा डाग, मग तेच पान उलटं करून खालची पांढरी बुरशी. हा डावणी रोग. मग भुरी, करपा, फुलोऱ्यातली गळकूज असे बाकीचे रोग. छाटणीची तारीख वहीत आणि बाकी सगळं फोटोत. द्राक्षवाल्यांचं कॅलेंडर छाटणीपासून चालतं, आज कितवा दिवस हे महत्त्वाचं. फोटोवरच्या तारखेवरून नाना सांगायचे, "गेल्या साली पस्तिसाव्या दिवशी पहिला डाग दिसलावता."

मला या सगळ्याचं केवढं कौतुक! मी नानांच्या फोनमध्ये सिंकचं एक ॲप टाकलं. नानांनी फोटो काढला की पाचदहा मिनिटांत माझ्या पुण्याच्या कॉम्प्युटरवर. कुठलं ॲप ते सांगत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. नानांना म्हटलं, "आता काळजी नको, सगळे फोटो माझ्याकडं येतात."

२०२२ च्या उन्हाळ्यात नानांचा फोन भरला. त्यांनी गॅलरी उघडली आणि तीन हंगामांचे फोटो पुसून टाकले. का पुसले म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुझ्याकडं हायतच की."

माझ्याकडं नव्हते. सिंक म्हणजे दोन्हीकडं एकसारखं ठेवणं. इकडं पुसलं की तिकडंही पुसणार. ॲपनं आपलं काम चोख केलं होतं. मला कळलं तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

आता मला सांगा, हा फरक कुणी सांगितला होता नानांना? एकसारखं ठेवणं वेगळं आणि जपून ठेवणं वेगळं, हे त्या ॲपच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहायला काय हरकत आहे? गूगल फोटोज घ्या. फोनमधली जागा मोकळी करायचं बटण वेगळं आणि पुसायचं बटण वेगळं. पहिल्यानं फोटो क्लाउडवर राहतो, दुसऱ्यानं क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचरापेटीत असतो, मग कायमचा जातो. आपल्यापैकी किती जणांच्या आईवडिलांना हे माहीत आहे? संताप येतो मला.

कुणीतरी म्हणेलच की सेटिंग वाचायला हवं होतं. हो, मी वाचायला हवं होतं. मान्य. नानांनी नव्हे.

आणि व्हॉट्सॲपवर तर असतील, असंही म्हणाल. काही सापडले. नाना द्राक्षाच्या सल्लागारांना आठवड्याचे फोटो रविवारी एकदम पाठवायचे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि कधी काढला ती नोंद त्यातून गळते. उरते ती पाठवल्याची तारीख. सगळे डाग रविवारी पडलेले! झूम केलं की बुरशी आणि धूळ यातला फरक कळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं असतं तर फोटो जसाच्या तसा गेला असता. तेही मी कधी शिकवलं नव्हतं.

जानेवारी २०२१ आठवतोय? व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणावरून आपण सगळे सिग्नल ॲपवर पळालो होतो. मीही घरच्यांना नेलं. आपले निरोप कोण वाचतं यावर तेव्हा केवढं बोललो आपण. टिकतात का, यावर चकार शब्द नाही. सिग्नलच्या फोनमधल्या बॅकअपला ३० आकडी किल्ली लागायची. नानांनी ती फवारणीच्या वहीत उतरवली, दोनदा तपासून. माणूस इतकं मनापासून करतो हो, सांगणारं कुणी हवं.

नानांचे फोटो गेल्यावर मी सिंकची बरीच ॲप्स वापरून पाहिली. सिंकथिंग आवडलं, मधे कुणाचा सर्व्हर फोटो साठवत नाही. पण त्यातही पुसलेल्या फाइलची जुनी प्रत ठेवायची सोय आपण होऊन चालू करावी लागते, आधीपासून ती बंदच असते. मी माझ्या कॉम्प्युटरवर चालू केली आहे. त्यांचं अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, आता दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती वापरते. नानांचा फोन बॅटरी वाचवायला त्याला मागच्या मागं बंद करतो, मग मी दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर "नाना, ते हिरवं चिन्ह दिसतंय का?" विचारत बसते. शिवाय सहा महिन्यांनी गावी गेले की वेगळ्या हार्डडिस्कवर एक प्रत. ती कशाला जोडलेली नसते, म्हणून तिच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे.

दुकानातल्या त्या मुलावर मी जरा जास्तच चिडले. वीसएक वर्षांचा असेल. त्यालाही कुणी सांगितलं नसणार. नंतर त्यानंच केबल काढली, मावशींचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले, पाऊण तास लागला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मावशींनी आम्हा दोघांना बारशाचे फोटो दाखवले.

नाना मला त्या गेलेल्या फोटोंवरून कधीच बोलले नाहीत. एक शब्द नाही. फक्त गेल्या हंगामात, फळछाटणीनंतर पाऊस लागला तेव्हा रात्री फोन आला. २०२१ ला डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळीनं झोडपलं होतं, त्या सालाबद्दल विचारत होते. "त्या साली पहिला डाग कितव्या दिवशी दिसलावता गं? बघ की जरा, तुझ्याकडं असंल."

मी म्हटलं, बघून सांगते नाना.